चंद्रीची धार आणि हिंगणीची घंटा

हिंगणीच्या हायस्कूलच्या फाटकाबाहेर भुजंगला आपली पोर उभी दिसली, तेव्हा त्याच्या सायकलला सरकी पेंडीचं पोतं बांधलेलं होतं आणि तोंडात गरम भजं होतं. ते भजं काही त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

फाटक लागलेलं. आत प्रार्थना होऊन वर्ग सुरू झालेले. बाहेर भिंतीला धरून उशिरा आलेल्या पोरांची रांग, आणि रांगेच्या टोकाला पुनम. पाय घोट्यांच्या वरपर्यंत धुळीनं भरलेले, वेणीतून केस सुटलेले. पळत आली होती हे दुरूनही कळत होतं. बाकीची पोरं एकमेकांना ढुशा देत दात काढत होती. ही मात्र विज्ञानाचं पुस्तक डोळ्यांपुढं धरून उभी. फाटकाशी स्टुलावर शिपाई माणिकप्पा बसलेला, कानाला मफलर गुंडाळून.

"काय धामणवाडीकरीणबाई," माणिकप्पा म्हणाला, "तुमची हजेरी तं आता हितंच लावावी लागती बगा."

पोरं खीखी हसली. पुनमनं पान उलटलं.

भुजंग भज्याच्या गाड्याआड सरकला. हाक मारावी, तर बापानं बघितलं हे पोरीला कळणार. न मारावी, तर पाय निघेना. आणि हा माणूस कसला, तर गावभर छाती काढून सांगत फिरणारा. 'माझी पुनम पैल्या बाकावर बसती. इंजिनीर व्हनार हाय, मास्तरच म्हनत्यात.' पार म्हणू नका, डेअरी म्हणू नका, सोयऱ्याच्या लग्नातली पंगत म्हणू नका. एक जागा त्यानं सोडली नव्हती. आणि ती पहिल्या बाकावरची पोर इथं भिंतीला पाठ लावून उभी होती. भर बाजारात कुणी टोपी उडवावी तसं भुजंगला झालं. त्यानं सायकल हातात धरली आणि गावामागच्या वाटेनं, पोरीच्या नजरेला न पडता, तो घराकडं निघाला.

तारामती अंगणात बाजेवर बसली होती. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची पोती उतरताना ट्रॉलीवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं होतं, आणि प्लास्टर अजून निघालं नव्हतं. एका हातानं ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"तुला ठावं होतं का, पोर रोज फाटकाबाहेर उभी ऱ्हाती म्हनून?" भुजंगनं पोतं खाली टाकत विचारलं.

तारामतीनं शेंगांवरून नजर काढली नाही. "हाव."

"मंग मला कामून सांगितलं न्हाई?"

"पोर म्हनली, अण्णाला सांगू नको. गावभर कवतिक करून राहिलेत, त्यांचा हिरमोड व्हईल."

हे मात्र भुजंगला फाटकापेक्षाही लागलं. तो मटकन ओट्यावर बसला. ह्या पोरीनं बापाची शेखी सांभाळावी म्हणून रोज पोरांचं हसू झेललं होतं, आणि बाप भजी खात होता.

आता घोळ कुठं होता, ते सांगायला पाहिजे. हिंगणीच्या हायस्कूलच्या जुन्या खोल्यांना पावसाळ्यात भेगा पडल्या, तिथं लाल अक्षरात 'धोका' लिहून दोरी बांधली. त्याच वर्षी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांच्या कमी पटाच्या शाळा बंद झाल्या आणि तिथली सगळी पोरं हिंगणीच्या गळ्यात आली. खोल्या घटल्या, पोरं वाढली. एका बाकावर चौघं बसायची, पाचवा खिडकीत. मग हेडसरांनी दोन पाळ्या केल्या. नववी-दहावी सकाळच्या पाळीत, सातच्या ठोक्याला. बारकी पोरं दुपारी. सकाळची पोरं एका दारानं निघायची तेव्हा दुपारची पोरं डबे वाजवत दुसऱ्या दाराशी उभी असायची, त्यामुळं घंटा इकडची तिकडं करायची सोयच नव्हती. आणि एसटीचं म्हणाल, तर धामणवाडीला पहिली गाडी यायची ती शाळेचे दोन तास होऊन गेल्यावर. गावची पोरं घोळक्यानं ओढ्याच्या वाटेनं चालत जायची.

पुनम त्या घोळक्यात नसायची, कारण चंद्री.

चंद्री म्हणजे भुजंगची म्हैस. श्रावणात तिचं रेडकू दगावलं आणि तिनं पान्हाच आखडला. पेंड घातली, चुचकारलं, कासेला कोमट पाणी लावलं, काही चालेना. मग एका संध्याकाळी पुनम तिच्या मानेला टेकून बसली आणि परीक्षा होती म्हणून तिथंच मोठ्यानं पाठ करत राहिली. करता करता सहज सडाला हात लावला, तर धार लागली. तेव्हापासून चंद्रीचं ठरलेलं. आधी तारामतीला तरी थोडीफार दाद द्यायची. तिचा हात मोडल्यापासून पुनम एके पुनम. पोरीनं बसावं, तोंडानं अभ्यास म्हणावा, चंद्रीनं डोळे मिटून दूध द्यावं. तोवर दिवस फटफटायचा, गावची पोरं ओढा ओलांडून गेलेली असायची, आणि ही चरवी उतरवून दप्तर घेऊन पळत सुटायची.

पहाटे आणखी लवकर उठावं, असं कुणीही म्हणेल. उठून पाहिलं होतं. चंद्री वेळेची पक्की. अंधारात उठवलं तर नुसती रवंथ करत बघत बसायची.

"उद्यापासून धार म्या काढनार," भुजंगनं जाहीर केलं.

तारामती अशी हसली की मोडक्या हातात कळ गेली. "अगं माय माय! तुमी? तुमच्या घरात बाप्ये म्हशीखाली बसत न्हाईत ना? सासूबाई जितीपनी रोज सांगायच्या, बाप्याचा हात लागला की म्हैस आटती."

"म्हातारी गेली. रीतबी गेली."

"गेली तं गेली. खुबा संभाळा म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत भुजंग गोठ्यात शिरला. थंडी अशी की शेणाचा पो सुद्धा वाफा टाकत होता. त्यानं घमेल्यात पेंड ठेवली, पुनमसारखीच चरवी गुडघ्यांत धरली, आणि हाताला तेल लावून बसला. बैलांच्या वेसणी ओढून ओढून त्या हाताचं लाकूड झालेलं. पहिल्यांदा सड दाबला तो असा, की चंद्रीनं मान वळवून कोण आलंय ते बघितलं, पुन्हा तोंड पेंडीत घातलं, आणि मग सवडीनं लाथ मारली. चरवी एकीकडं, भुजंग दुसरीकडं, टोपी शेणात.

"अण्णा!" पुनम दप्तर टाकून पळत आली.

"तू जा! जा म्हनतो ना, पोरं निघाली बग."

पण चंद्रीची कास तट्ट फुगलेली. दूध तसंच राहिलं तर सडाला गाठी धरणार, हे पोरीलाही कळत होतं. ती म्हशीखाली बसली, धार काढली, आणि मग पळाली. त्या दिवशीही फाटकाबाहेर.

भुजंग लंगडत डेअरीवर गेला. तिथं काट्यावर वैजनाथ असायचा. त्याच्या जिभेला सुटी म्हणून नव्हती.

"भुजंगराव, चाल बदलली? म्हशीसंगं कुस्ती धरली म्हनं?"

"तुला कुनी सांगितलं?"

"तुमच्या भावजयीनं. नीलाबाईनं भिंतीवरून सगळी बगितली. म्हनं चितपट झाले भावजी."

डेअरीवरची माणसं पोट धरून हसली. भुजंगही ओठातल्या ओठात हसला, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी तारामतीनं तोड काढली. "म्हैस वासावर असती. पोरीची ओढनी घ्या डोक्याला." पुनमची जुनी, निळी, कडेला पांढरी फुलं असलेली ओढणी तिनं दोरीवरून काढली आणि एका हातानं नवऱ्याच्या डोक्याला गुंडाळून दिली. भुजंगनं आधी नको नको केलं. मग भिंतीपलीकडं नीलाबाई उठली नसेल असा हिशेब करून तो गोठ्यात गेला. नीलाबाई उठलेली होती.

"अवो बया, भावजी! नांदायला कुटं निगालात?"

"पोरीच्या साळंला!" भुजंग आतून ओरडला.

ओढणीनं थोडं काम केलं. चंद्रीनं हुंगलं, लाथ घातली नाही. पण दूध दिलं ते चुळकाभर, आणि पुन्हा अंग चोरून उभी राहिली. पुनम दारातून बघत होती. ओढणीतला बाप बघून तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

"अण्णा, तिला बोलावं लागतं. म्या रोज विज्ञान म्हनते."

"मंग म्हन की, म्याबी म्हनतो."

"तुमाला यायचं न्हाई."

"का यायचं न्हाई? सातवी पास हाय म्या."

त्या दिवशी वेळ निघून गेलीच होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली. आणि शनिवारी पुनम शाळेतून आली ती दप्तर कोपऱ्यात फेकून, चूल पेटवायला बसली. एरवी ही पोर आल्या आल्या भाकरीवर पडायची.

"काय झालं गं?" तारामती म्हणाली.

पुनमनं फुंकणी हातात धरली, फुंकली नाही. "हेडसरांनी सांगितलंय. सोमवारी अण्णाला घिऊन ये, घंटेच्या आत. अन् सोमवारी मला उशीर झाला तं माजं नाव दुपारच्या वर्गात."

भुजंग दारातच उभा राहिला. दुपारचा वर्ग काय आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. ज्यांना सकाळ जमत नाही अशांसाठी दहावीची एक तुकडी दुपारी बसवली होती, पण तिला गणिताचा मास्तर नव्हता, विज्ञानाचा नव्हता. जागा भरणार, जागा भरणार, असं दिवाळीपासून ऐकू येत होतं. पोरं तिथं खिडकीतून वाटाणे फेकत बसायची.

"हेडसराला सांगायचं होतंस, म्हशीचं."

"सांगितलं. ते बी काय करतील, अण्णा? एका एका बाकावर चौघी बसतो आमी. उशिरा गेलं की दोघींच्या मांडीवरून पलीकडं जावं लागतं, सगळा वर्ग हालतो. ते सोता लातूरहून अंधारात गाडीवर येत्यात. नाक लाल होऊन येत्यात." पुनमनं फुंकणी खाली ठेवली. "जाऊ द्या, अण्णा. म्या जाते दुपारच्या वर्गाला. घरी वाचीन. सकाळी धारबी व्हईल, मायचं बी व्हईल."

हे ती इतक्या समजूतदारपणानं बोलली की भुजंगला सहन झालं नाही. रडली असती, आदळआपट केली असती तरी चाललं असतं.

"गप," तो म्हणाला. "सातवीला असताना सहलीला गेलतीस ना, नांदेडला? विष्णुपुरीचं धरन बगायला?"

"हाव."

"आल्यावर काय म्हनलीस? समदी पोरं धरनाचं पानी सांगत होती. अन् तू म्हनलीस, अण्णा, तितं शेजारीच इंजिनिअरिंगचं कालेज हाय, पोरी हेल्मेट घालून दुर्बिनीतून जमीन मोजत्यात. म्हनलीस का न्हाई?"

पुनम खाली बघत राहिली. "म्हनले."

"मंग? ते दुपारच्या वर्गातून व्हतंय का? मला गाडवाला कळतंय, अन् तुला कळत न्हाई?" त्याचा आवाज फाटला. "सोमवारी तू पोरांसंगं जायचं. माघारी बगायचं न्हाई. म्हशीचं म्या बगतो."

"अन् तुमाला बोलावलंय त्याचं?"

"येतो की सायकलवर, मागून."

रविवार सगळा शिकवणीत गेला. बाप कडबा तोडतोय आणि पोर पुस्तक धरून उभी: "म्हना अण्णा, लिथियम." "लिथीम." "सोडियम." "सोडीम." "पोटॅशियम." इथं भुजंग कोयता थांबवायचा. "ही काय सोयाबीनची खतं हायत का गं? पोट्याश तं आपुन टाकतो की." "तेच अण्णा, तेच पोटॅश!" पोरीचे डोळे चमकले, आणि भुजंगला वाटलं, आपण काहीतरी मोठं बोललो. रुबिडियमला त्याची जीभ बांधावर अडखळावी तशी दर खेपेला अडखळली. सिझियम मात्र एका दमात आलं. दुपारी हरभऱ्याला पाणी देताना तो पाटाची दारं मोडत मोडत तेच म्हणत होता. शेजारच्या वावरातल्या दगडोबानं विचारलं, "कुन्या देवाचा जप धरला?" भुजंग म्हणाला, "पोरीच्या."

संध्याकाळच्या धारेला पुनमनं त्याला शेजारी बसवलं. तिचा हात वर, त्याचा हात खाली. "दाबायचं न्हाई अण्णा, वरून खाली सोडायचं. म्या म्हनते त्या चालीवर." बापाचे राठ हात पोरीनं आपल्या हातात धरून वळवले. तारामती बाजेवरून बघत होती. हिनं लग्न होऊन आल्यापासून ह्या माणसाला गोठ्यात फक्त शेण ओढताना पाहिलं होतं.

सोमवारी गावची पोरं वेशीत जमल्याचा आवाज आला, तेव्हा पुनम तयार होती. वेणी घट्ट, दप्तर पाठीला. भुजंग ओढणी गुंडाळून चंद्रीखाली बसलेला. पोरीचा पाय उंबऱ्यात अडला.

"जा," भुजंग म्हणाला.

"पान्हा सोडला का?"

"सोडंल. तू जा."

पुनम चार पावलं गेली, थांबली. चंद्रीनं पोरीची चाहूल घेऊन मान वर केली आणि हंबरली. ते ऐकून पोर मागं वळलीच.

"पुनम!" भुजंग असा ओरडला की पलीकडं नीलाबाईच्या हातातलं भांडं पडलं. "माघारी आलीस तं माजी शपथ हाय! पळ!"

पोर पळाली. तिच्या चपलांचा आवाज ओढ्याच्या बाजूला गेला.

गोठ्यात भुजंग आणि चंद्री राहिले. म्हैस पाय झाडत होती, दाराकडं बघत होती. भुजंगच्या कपाळाला त्या थंडीत घाम. त्यानं चंद्रीच्या पोटाला डोकं लावलं, पोर लावायची तसंच, आणि सुरू केलं. "लिथीम... सोडीम... पोट्याशीम..." काही नाही. आवाज फार मोठा होत होता, बैलाला हाकल्यासारखा. त्यानं आवाज खाली आणला. "लिथीम, सोडीम..." पोरगी पाळण्यात होती तेव्हा काढायचा तसला आवाज त्याच्या गळ्यातून बऱ्याच वर्षांनी निघाला. "रु... रुबी... आगं बाई, रुबीडीम. सिझीम." चंद्रीच्या कातडीवरून एक शहारा गेला. मागचे पाय सैल पडले. भुजंगच्या हाताखाली कास मऊ झाली, आणि चरवीत सर्रकन पहिली धार वाजली.

"तारे!" तो आतूनच ओरडला. "सोडला गं, पान्हा सोडला!"

"आता वराडू नका, नस्ता आटवंल!" तारामती बाजेवरून ओरडली, पण तिचाही आवाज आनंदानं चिरकला होता.

मग भुजंग थांबला नाही. जिभेवर होतं नव्हतं तेवढं सगळं त्यानं चंद्रीला ऐकवलं. ते संपलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. हात भरून आले, पाठीत वाक धरला, गुडघे बधिर झाले. पण चरवी फेसासकट वर आली. तिथून तो उठला तो थेट सायकलवर. कॅन डेअरीत वैजनाथपुढं ठेवला.

वैजनाथनं कॅनमध्ये बघितलं, मग भुजंगच्या डोक्याकडं. तोंड उघडलं.

"माप घे," भुजंग म्हणाला. "हसायचं ते म्या गेल्यावर हस. मला पोरीच्या साळंला जायचंय."

का कोण जाणे, वैजनाथ त्या दिवशी हसला नाही. "जावा," म्हणाला. "कॅन म्या पोचवतो घरी."

हिंगणीचा चढ भुजंगनं सायकल हाणत पार केला. छातीचा भाता झालेला. चढ संपतो तिथं शाळेची घंटा त्याच्या कानावर आली. ती पूर्ण वाजून गेली तरी तो फाटकापाशी पोचला नव्हता. पोचला तेव्हा फाटक लागलेलं.

भिंतीला धरून उशिराच्या पोरांची रांग होती. भुजंगनं सायकल टाकली आणि रांगेतलं एकेक तोंड बघत गेला. सिद्धेश्वर मिस्त्र्याचा पोरगा, हिंगणीच्याच दोन पोरी, आणखी कुणी कुणी. टोकापर्यंत गेला. टोकाला मोकळी भिंत होती. पुनम नव्हती.

त्यानं एकदा पुन्हा बघितलं. नव्हती. भुजंगनं भिंतीला हात टेकला आणि दम खाल्ला.

"कोन पायजे?" माणिकप्पानं स्टुलावरून विचारलं.

"पुनमचा बाप हाय म्या. हेडसरांनी बोलावलंय."

माणिकप्पा त्याच्या डोक्याकडंच बघत राहिला. तेवढ्यात व्हरांड्यातून हेडसर, रेणुकादास सर, फाटकाकडं आले. माकडटोपी अजून डोक्यावरच, नाक खरंच लाल, हातात हजेरीपटांचा गठ्ठा. पहिल्याच खोलीत दहावीचा वर्ग होता; खिडक्या उघड्या, खिडकीतही पोरं बसलेली.

"तुम्हाला घंटेच्या आत बोलावलं होतं," हेडसर गजांमधून म्हणाले. आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "पालकांनाच वेळ पाळता येत नाही, तर मुलांना मी काय सांगू?"

"चुकलं सर," भुजंग म्हणाला. "मला उशीर झाला. पोरीला न्हाई झाला."

हेडसर थांबले. त्यांनी वळून वर्गाकडं बघितलं, पुन्हा भुजंगकडं. पायाला शेण, पायजम्यावर दुधाचे डाग, आणि डोक्याला पांढऱ्या फुलांची निळी ओढणी.

"आणि हे काय?"

रांगेतली पोरं फस्सकन हसली. खिडकीतली पोरं डोकावली, तीही हसायला लागली. तेव्हा कुठं भुजंगच्या ध्यानात आलं. आरं देवा! गावातून, डेअरीतून, हिंगणीच्या भर चौकातून आपण असेच आलो. त्याचा हात डोक्याकडं गेला. आता पोरीची वर्गात काय इज्जत राहिली! त्यानं ओढणीचं टोक धरलं, ओढणार, तोच आतून आवाज आला.

"सर! ते माझे अण्णा हायत."

पहिल्या बाकावरून पुनम उभी राहिली होती. हसणं थांबलं.

"म्या वेळेवर यावं म्हनून ते आज म्हशीची धार काढून आलेत, सर. म्हैस माझ्याबिगर कुनाला दूध देत न्हाई. म्हनून माझी ओढनी बांधली त्यांनी." मग ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "अन् विज्ञानबी पाठ केलंय."

सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता, आणि ती मान वर करून बापाकडं बघत होती. ज्या पोरीनं बापाची लाज राखायला एवढे दिवस तोंड मिटलं, तिनं ते आज सगळ्या शाळेपुढं उघडलं होतं. भुजंगनं ओढणीचं टोक सोडून दिलं. ती डोक्यावर तशीच राहू दिली.

रेणुकादास सरांनी माकडटोपी काढून हातात घेतली.

"रोज काढणार का धार?" त्यांनी विचारलं.

"म्हैस हाय तवर काढनार."

"मग तिचं नाव सकाळीच राहील. बसू द्या तिला तिच्या जागेवर." त्यांनी माणिकप्पाला खूण केली. "फाटक उघडा. या तुम्ही आत, चहा घ्या."

माणिकप्पानं कडी काढली. भुजंग हलला नाही.

"नगं सर. उशीर झाला की पैला तास बाहेर, असंच हाय न्हवं? माझी पोर लई दिस उभी ऱ्हायली हितं." त्यानं रांगेच्या टोकाची मोकळी भिंत दाखवली. "म्या बी ऱ्हातो एक तास. काय बिगडत न्हाई."

हेडसर हसले. कडी पुन्हा लावून घेताना माणिकप्पानं, आजवर कुणाला केलं नव्हतं ते केलं. स्टूल उचलून गजांवरून बाहेर दिलं. भुजंगनं ते सिद्धेश्वर मिस्त्र्याच्या पोराकडं सरकवलं आणि स्वतः पोरीच्या जागी, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

ऊन नुकतंच कौलांवर आलं होतं. आत दहावीचा तास सुरू झाला. मास्तरांनी काही विचारलं आणि उत्तराला पहिला आवाज पुनमचा आला. भुजंगनं डोक्यावरची ओढणी नीट केली आणि शेजारच्या पोराला म्हणाला, "ऐकलं का? पैल्या बाकावर बसती."